रिश्टरची पट्टी बघायला कुठे मिळेल?

प्रश्न: मी अहेरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्याकडे जमीन हलली. टीव्हीवर ‘५.३ रिश्टर’ असं दाखवलं. तेव्हापासून मुलं विचारतात, हा रिश्टर कोण, त्यानं ते मशीन कसं शोधलं आणि ते बघायला कुठे मिळेल? सातवीतली एक मुलगी म्हणते की आधी दाराची कडी वाजली आणि थोड्या वेळानं फळीवरची भांडी. असं होऊ शकतं का? आणि आमच्याकडच्या मुलांना या विषयात पुढे जाता येईल का?

उत्तर:

मॅडम, ‘बघायला कुठे मिळेल’ हा प्रश्न आधी घेतो, कारण तोच प्रश्न लोक खुद्द रिश्टरला विचारायचे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या भूकंप प्रयोगशाळेत पाहुणे यायचे आणि म्हणायचे, तुमचं ते स्केल दाखवा बरं. हा त्यांच्यापुढे तक्ते आणि आलेख ठेवायचा, की पाहुण्यांचे चेहरे उतरायचे. रिश्टर स्केल नावाचं यंत्र जगात कुठेच नाही. यंत्र दुसऱ्यांनी बनवलं होतं. रिश्टरनं बसवला तो हिशेब.

मी बत्तीस वर्षं भूकंपाच्या नोंदी वाचायचं काम केलं, आता आर्वीकडे वावर सांभाळतो. गावात अजूनही कुठे भूकंप झाला की पारावर कोणीतरी हटकतोच, ‘काय काका, किती रिश्टरचा होता?’ जणू रिश्टर म्हणजे किलो नाहीतर लिटर. त्यामुळे हा माणूस कोण होता हे मला अनेकदा सांगावं लागलंय.

चार्ल्स फ्रान्सिस रिश्टर २६ एप्रिल १९०० ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका शेतावर जन्मला. (तिकडे नाव ‘रिक्टर’ असं उच्चारतात. आपल्याकडे जर्मन वळणानं ‘रिश्टर’ रुळलं, तेच राहू द्या.) आईवडील वेगळे झाले आणि पोरगा आईच्या वडिलांकडे वाढला. रिश्टर हे आडनावही आईच्या माहेरचं. १९०९ मध्ये आजोबांनी कुटुंब लॉस एंजेलिसला हलवलं. ते घडलं नसतं तर बहुधा हा माणूस भूकंपाच्या वाटेला गेलाच नसता. मुलगा हुशार, पण अबोल, घुम्या, माणसांत अवघडणारा. स्टॅनफर्डमधून १९२० मध्ये पदवी घेतली आणि त्यानंतर मनानं पार खचला, उपचार घ्यावे लागले. सावरल्यावर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये, सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधनाला लागला. त्याला अणूच्या आत डोकवायचं होतं, जमिनीच्या आत नव्हे.

१९२७ मध्ये कॅलटेकचे प्रमुख रॉबर्ट मिलिकन, म्हणजे इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजून नोबेल मिळवलेले तेच मिलिकन, त्याला म्हणाले की भूकंप प्रयोगशाळेत एक मदतनीस हवाय, जातोस का? पीएचडी अजून हातात यायची होती. काम मिळतंय तर घ्यावं म्हणून तो गेला आणि आयुष्यभर तिथलाच झाला. तुमच्या मुलांना हे नक्की सांगा, कारण ‘लहानपणापासून ध्यास होता’ छापाच्या गोष्टी ऐकून पोरांना वाटतं की आपल्याला तसा ध्यास नाही, म्हणजे आपलं काही खरं नाही.

प्रयोगशाळा हॅरी वूड यांच्या हाताखाली होती. वूड आणि जॉन अँडरसन या खगोलशास्त्रज्ञानं मिळून एक सुटसुटीत भूकंपमापक बनवला होता. केसासारख्या बारीक तारेला चिकटवलेला तांब्याचा छोटा तुकडा, त्याच्यावर इवलासा आरसा, आरशावर प्रकाशाचा झोत आणि समोर फिरणाऱ्या ड्रमवर फोटोचा कागद. जमीन हलली की तुकडा जागच्या जागी पीळ खातो, आरसा वळतो, झोत कागदावर सरकतो. जमिनीची हालचाल कागदावर २८०० पट मोठी उमटते, असा बनवणाऱ्यांचा हिशेब होता. पुढे तपासणीत ती २०८० पटीच्या आसपास निघाली, पण तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात अशी यंत्रं सात ठिकाणी बसवलेली. रिश्टरचं काम काय, तर सगळीकडचे कागद गोळा करायचे, पट्टी लावून मोजायचे, भूकंप कुठे झाला ते काढायचं आणि वहीत लिहायचं. वर्षाला दोनतीनशे भूकंप. थोडक्यात कारकुनी.

ही कारकुनी मीही केलीय म्हणून सांगतो. आमच्या सुरुवातीच्या काळात फिरत्या केंद्रांवर काजळीचा कागद असायचा. गुळगुळीत कागद ड्रमवर गुंडाळायचा, खाली रॉकेलची चिमणी धरायची, कागद काळाकुट्ट होईपर्यंत ड्रम फिरवायचा. त्या काजळीवर सुई पांढरी रेघ ओढत जाते. चोवीस तासांनी कागद उतरवून लाखेच्या पाण्यातून काढायचा, नाहीतर बोट लागलं की भूकंप पुसला. किल्लारीच्या भूकंपानंतर महिनाभर तंबूत राहून आम्ही रोज हेच करत होतो. नाकपुड्या काळ्या, बोटं काळी, शर्टाचे कफ काळे. काम कंटाळवाणं असतं, पण रोजचे शेकडो कागद डोळ्यांखालून गेले की माणसाला आपोआप एक प्रश्न पडतो. यातला मोठा कोणता आणि लहान कोणता?

रिश्टरलाही तोच पडला. कागदावरची रेघ मोठी उमटली म्हणजे भूकंप मोठा, असं म्हणता येत नाही. जवळचा चिल्लर भूकंपही कागद भरून टाकतो आणि लांबचा मोठा नुसता थरथरतो. त्याआधी भूकंपाचं मोजमाप एकाच तऱ्हेनं व्हायचं. कुठे काय पडलं, कोणाला जाग आली, विहिरीचं पाणी हिंदकळलं का, हे विचारून एक ते बारा असे रोमन आकडे द्यायचे. मर्काली यांची ती पद्धत, आणि तिची सुधारलेली आवृत्ती १९३१ मध्ये याच वूड यांनी फ्रँक न्यूमन यांच्यासोबत केली होती. पण माणूसच राहत नसेल अशा ठिकाणी विचारणार कोणाला? शिवाय घर कसं बांधलंय त्यावरही आकडा बदलणार.

वाट दाखवली जपानच्या कियू वादाती यांनी. त्यांनी भूकंपाच्या केंद्रापासूनचं अंतर आणि जमिनीची जास्तीत जास्त हालचाल एकाच आलेखावर मांडली होती. लांब गेलं की हालचाल कमी होत जाते, ती ठरावीक उतारानं. मोठ्या भूकंपाचा उतार वरून, लहान्याचा खालून, पण दोन्हींची चाल सारखी. रिश्टरनं आपले आकडे तसे मांडायला घेतले तर कागद पुरेना. लहान भूकंपाची रेघ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, मोठ्याची वीतभर. तेव्हा शेजारच्या बेनो गुटेनबर्ग या भूकंपशास्त्रज्ञानं सुचवलं, लॉगॅरिदम घे.

सातवीच्या पोरांपुढे लॉगॅरिदम हा शब्दही काढू नका. शून्यं मोजायला सांगा. दहाला एक, शंभराला दोन, हजाराला तीन. एकम-दशम-शतमच्या घरांना नंबर द्यायचे, बस. आकडा एकानं वाढला की रेघ दहापट. रिश्टरनं मूळ खूण अशी ठरवली की १०० किलोमीटरवरच्या वूड-अँडरसन यंत्रावर मिलिमीटरचा हजारावा भाग एवढी रेघ आली तर भूकंप शून्य महत्तेचा. (महत्ता म्हणजे भूकंपाचं स्वतःचं मोठेपण.) तिथेच १ मिलिमीटरची रेघ आली तर ३. शून्य इतकं खाली ठेवलं ते बारीकसारीक भूकंपांना उणे आकडे लागू नयेत म्हणून. आजची यंत्रं इतकी तिखट कानाची झालीत की उणे महत्तेचेही भूकंप नोंदवले जातात. मुलांना ही गंमत वाटते.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. केंद्र तेलंगणातल्या मुलुगु जिल्ह्यात, तुमच्या गावापासून ढोबळ शंभर-एकशेदहा किलोमीटर. ५.३ म्हणजे त्या यंत्रावर रेघ येईल सुमारे २०० मिलिमीटरची. ती २०८० नं भागा. तुमच्या शाळेची जमीन हलली असेल ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, डोक्याच्या जाडसर केसाइतकी! एवढ्यानं अख्खा तालुका घराबाहेर आला. हा हिशेब ढोबळ आहे आणि एका बाबतीत आपल्याला लागू पडत नाही. रिश्टरचा तक्ता दक्षिण कॅलिफोर्नियातल्या खडकांसाठी होता. तिथली जमीन मोडलेली, भेगाळलेली, लाटा लवकर मरतात. आपला द्वीपकल्पाचा खडक जुना आणि घट्ट. लाट लांबवर पोचते, म्हणूनच मुलुगुचा हादरा नागपूरपर्यंत लोकांना कळला. तेव्हा केसाची जाडी थोडी वाढवून धरा.

१९३५ मध्ये रिश्टरनं हा हिशेब छापला. नाव दिलं ‘मॅग्निट्यूड’. ताऱ्यांच्या तेजाला खगोलशास्त्रात तोच शब्द आहे आणि तारे बघणं हा त्याचा छंद होता. वेगळा शब्द हवा हा आग्रह मात्र वूड यांचा. त्यांचं म्हणणं, जुन्या ‘इंटेन्सिटी’शी घोळ होता कामा नये. एक भूकंपाचं स्वतःचं मोठेपण, दुसरं तुमच्या दारात तो किती जाणवला ते.

आणि मराठीत आपण नेमका तोच घोळ करून ठेवलाय. परिभाषेत मॅग्निट्यूडला महत्ता आणि इंटेन्सिटीला तीव्रता असे दोन शब्द आहेत, पण बातमीत कायम ‘५.३ तीव्रतेचा भूकंप’. माझा सगळा जन्म या एका शब्दाशी भांडण्यात गेला. बातमीदाराला सांगावं, महत्ता लिहा. तो म्हणणार, वाचकाला कळणार नाही. मग मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडचा ४.५ चा धक्का यवतमाळ-वाशीमला जाणवतो आणि लोक भांडतात, ‘आमच्या इथं कुठं साडेचार होता, आम्हाले तर काहीच नाही समजलं!’ अहो, साडेचार तुमच्या इथं नव्हताच. तो आकडा भूकंपाचा, तुमच्या अंगणाचा नाही. रिश्टर हे समजावताना रेडिओचा दाखला द्यायचा. केंद्राची ताकद किती किलोवॅट, ही झाली महत्ता, ती एकच. तुमच्या घरी आवाज किती स्पष्ट येतो, ही तीव्रता, ती गावोगाव वेगळी. आपल्याकडे नागपूर आकाशवाणीचं उदाहरण द्या, म्हाताऱ्यांनाही लगेच पटतं.

तीव्रता गावागावात का बदलते, याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात उभं आहे. कुडाच्या भिंतीचं, बांबू-मातीचं घर हलतं, वाकतं, पुन्हा उभं राहतं. फार तर चार कवेलू खाली येतात. किल्लारीत दगड-मातीच्या हातभर जाड भिंती होत्या, वर मातीचं जड माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या आधी ती माणसांवर बसली. महत्ता ६.२, जगाच्या मानानं मध्यम. माणसं गेली दहा हजारांच्या घरात. त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. (रिश्टर वारला तोही ३० सप्टेंबरच, १९८५ चा. योगायोग आहे, त्यात काही शोधू नका. पण ती तारीख मला कधी विसरता आली नाही.)

गुटेनबर्ग यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्यावर अन्याय झालाय. जर्मनीतल्या डार्मस्टाटचे. पृथ्वीचा गाभा सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो हे त्यांनी पंचविशीच्या आतबाहेर असतानाच काढलं होतं. १९३० मध्ये ते पासाडेनाला आले. कॅलिफोर्नियापुरता असलेला हिशेब जगभरच्या भूकंपांना लावायचं बरंचसं डोकं त्यांचं. दोघांनी मिळून एक नियम मांडला, तो माझ्या मते रिश्टरच्या पट्टीहून मोठा आहे. महत्ता एकानं वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहापट घटते. एखाद्या भागात तीनचे हजार होत असतील, तर चारचे शंभर, पाचचे दहा, सहाचा एक. आजही एखाद्या धरणाचा धोका काढताना इंजिनिअर याच रेषेपासून सुरुवात करतात. पण लोकांच्या तोंडी नाव बसलं एकट्या रिश्टरचं. स्वतः रिश्टर मात्र वादाती आणि गुटेनबर्ग यांचं देणं मान्य करत आला.

ऊर्जेचं गणितही दोघांचंच. रेघ दहापट वाढते तेव्हा ऊर्जा वाढते सुमारे ३२ पट. तुमच्या ५.३ च्या मानानं किल्लारीचा ६.२ सुमारे २२ पट आणि २००१ चा भूजचा ७.७ जवळजवळ चार हजार पट. ‘पाच आणि सात, दोनाचाच तर फरक’ असं म्हणणाऱ्या मुलाला फळ्यावर ३२ गुणिले ३२ करायला लावा.

माणूस म्हणून रिश्टर विक्षिप्तच. घरातल्या बैठकीच्या खोलीत भूकंपमापक बसवलेला. भूकंप झाला की फोन स्वतःजवळ घेऊन बसायचा, बातमीदारांना तोच उत्तरं देणार. कविता लिहायचा, डोंगरात एकटा भटकायचा. बायको लिलियन लेखन शिकवायची. दोघांना निर्वस्त्र राहणाऱ्यांच्या वस्तीत जायचा शौक होता, हे वर्गात सांगितलं नाही तरी चालेल. भविष्य वर्तवणाऱ्यांचा मात्र त्याला मनस्वी तिटकारा. अमुक तारखेला भूकंप होणार असं सांगणाऱ्याला तो उभा करत नसे. तुमच्याकडेही हादऱ्यानंतर मोबाइलवर ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का’ असले निरोप फिरले असतील. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं आजही कोणाला जमत नाही.

त्याला सांगण्यासारखं वाटे ते वेगळंच, की घरं नीट बांधा. १० मार्च १९३३ ला लाँग बीचला ६.४ चा भूकंप झाला, सव्वाशेच्या आत माणसं गेली. शाळांच्या विटांच्या इमारती ढासळल्या. वेळ संध्याकाळी सहाच्या जरा आधीची, म्हणून वर्ग रिकामे होते. महिनाभरातच कॅलिफोर्नियानं शाळांच्या बांधकामाचा कायदा केला. रिश्टर पुढे कित्येक वर्षं लॉस एंजेलिसच्या नगरप्रशासनामागे लागून होता, की इमारतींच्या माथ्यावरचे शोभेचे कठडे आणि नक्षीकाम उतरवा, हादऱ्यात आधी तेच रस्त्यावर येतं. तुमच्या शाळेच्या दारावर विटांचा सुटा कठडा किंवा सिमेंटची कमान असेल, तर मुख्याध्यापकांना एकदा वर बघायला सांगा.

१९७० मध्ये तो निवृत्त झाला. त्याच्या कागदपत्रांचं पुढे जे झालं ते ऐकून मला वाईट वाटलं होतं. नातेवाइकाच्या घरी जपून ठेवलेला बराच ठेवा १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर लागलेल्या आगीत गेला.

एक खुलासा राहिला. टीव्हीवर ‘रिश्टर’ म्हणतात तो आकडा आता बहुतेक वेळा रिश्टरच्या मूळ रीतीनं काढलेला नसतो. त्याची पट्टी सातच्या पुढे थकते. जमीन कितीही मोठी फाटली तरी त्या यंत्राला कळणाऱ्या जलद लाटा त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून हिरू कानामोरी आणि टॉम हँक्स यांनी १९७९ मध्ये नवी रीत बसवली. जमीन किती क्षेत्रावर फाटली, किती सरकली आणि खडक किती कणखर, यांच्या गुणाकारावरून महत्ता काढायची. हा गुणाकार वापरायची कल्पना जपानच्या केइती आकी यांची, १९६६ ची. १९६० चा चिलीचा भूकंप ९.५ चा होता हे अशाच हिशेबातून कळलं. नवे आकडे मुद्दाम रिश्टरच्या आकड्यांना जुळते ठेवले, म्हणून नाव चालू राहिलं.

मुलांच्या शिक्षणाबद्दल. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करायचं, मग बीएस्सी भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्र घेऊन, पुढे जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, देऊन खरगपूर किंवा धनबादला भूभौतिकी, म्हणजे पृथ्वीचं भौतिकशास्त्र. तुम्हाला सगळ्यांत जवळची मोठी संस्था हैदराबादची, राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था. मोजमापाचा कंटाळा नसेल तर आडगावचा पोरगा इथे मागे पडत नाही. मी काजळीच्या कागदावर शिकलो. पहिल्याच वर्षी चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीतला सुरुंग मी भूकंप म्हणून वहीत चढवला होता. साहेबांनी वही बघून एवढंच विचारलं, ‘हे तुमचे भूकंप रोज दुपारच्या जेवणानंतरच कसे होतात?’

शेवटी ती कडी वाजल्याचं सांगणारी मुलगी. ती बरोबर सांगतेय. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली दाबत-ढकलत येते, वेगानं धावते, पण बारकी असते. तिनं कडी, साखळी, खिडकीची काच वाजते. दुसरी आडवी हलवत येते, हळू पण दांडगी. भांडी तिनं पाडली. दोघी एकाच वेळी निघाल्या तरी जितकं अंतर जास्त तितकी दुसरी मागे पडते. आम्ही रोज सकाळी कागदावर हेच अंतर मोजायचो. दोन लाटांमधल्या सेकंदांना आठनं गुणलं की किलोमीटर, हा आमचा झटपट हिशेब. तिला डोळे मिटून ती सकाळ आठवायला सांगा आणि कडीपासून भांड्यांपर्यंत एक, दोन, तीन असं मोजायला लावा. बारा-तेराच्या आसपास आली, तर वर्गात नकाशा काढा, अहेरीवर कंपासचं टोक ठेवा आणि शंभर किलोमीटरचं वर्तुळ मारा. ते मुलुगुच्या जंगलातून गेलेलं तिला स्वतःलाच दिसेल.